पावसाळ्यात सनबर्स्टचा काठ पांढरा पडतो तेव्हा

गिटारच्या पुढच्या फळीवर सनबर्स्ट मारून झाला आहे. मध्ये मधासारखा पिवळा, त्याला लागून तांबूस तपकिरी, कडेला जवळजवळ काळा. क्लिअर (बिनरंगी) लॅकरचा हात मारून स्प्रे गन खाली ठेवली आणि पाच-दहा मिनिटांत गडद काठावर पांढुरकी झाक चढली, ताकाचं भांडं नीट न विसळता वाळलं की राहते तशी. मधला पिवळा भाग स्वच्छ दिसतो, त्यामुळे पहिला संशय काळ्या रंगावरच जातो.

बडोद्यात जुलै ते सप्टेंबर या दिवसांत मला हे सलग तीन वर्षं झालं. तिन्ही वेळा मी रंग बदलला, आणि तिन्ही वेळा रंगाचा काही दोष नव्हता. तो पांढरेपणा हवेतल्या पाण्याचा असतो. खरं तर तो सगळ्या फळीवर सारखाच पडलेला असतो, फक्त पिवळ्यावर डोळ्याला कळत नाही आणि काळ्यावर लगेच कळतो. म्हणून सगळ्यात आधी एवढंच ऐका: वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) हातात घेऊ नका. पांढऱ्या झाकेने गिटार वाया जात नाही, ती घासून काढण्याच्या घाईत जाते.

इथे मी लिहितोय ते एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरबद्दल, म्हणजे थिनरमध्ये पातळ करून गनने मारायचं ते. पीयू (पॉलियुरेथेन) वापरत असाल तर पाण्याचा त्रास वेगळ्या रूपात दिसतो. त्याचा हार्डनर ओलाव्याशी रासायनिक क्रिया करतो आणि थरात बारीक बुडबुडे धरतात. त्याला पुढचे उपाय लागू नाहीत.

पांढरं म्हणजे नक्की कसं पांढरं?

खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. सलग धुकं दिसतंय, कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते सांगता येत नाही, वरून बोट फिरवलं तर पृष्ठभाग गुळगुळीत लागतो, तर ते ब्लश. आपले पॉलिशवाले त्याला सरळ 'पॉलिश पांढरं पडलं' म्हणतात.

सुटे सुटे ठिपके असतील, प्रत्येक ठिपक्याच्या मध्ये सुईच्या टोकाएवढा खळगा असेल, तर पाणी हवेतून नाही, कंप्रेसरच्या नळीतून आलंय. त्याचं पुढे सांगतो. खळगे मोठे, गोल आणि तळाशी खालचा थर उघडा पडलेला, असं असेल तर ते पाणी नव्हे. कुठूनतरी सिलिकॉन किंवा तेल लागलंय: फर्निचरचा स्प्रे, गाडीचं पॉलिश, कधी केसांचं तेल लागलेला हात.

आणि डाग पांढरा नसून फक्त फिकट असेल, जोडाजवळ किंवा पट्टीच्या कडेला, तर तो गोंद आहे. बाइंडिंग, म्हणजे फळीच्या कडेची ती पट्टी, चिकटवताना बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसला की तो निघत नाही, पातळ होऊन लाकडाच्या रंध्रांत पसरतो आणि तिथे रंग शिरत नाही. रंगाआधी कोरी फळी स्पिरिटने पुसून आडव्या उजेडात पाहिली की असे डाग वेगळे उठून दिसतात. रंग लागल्यावर दिसले तर तेवढा भाग लाकडापर्यंत परत नेण्याशिवाय मार्ग नाही. गोंदाचं प्रकरण एवढ्यावर सोडतो, कारण दर पावसाळ्यात छळणारा प्रश्न ब्लशचाच आहे.

पाणी येतं कुठून

थिनर उडतो तेव्हा उष्णता खेचून घेतो. हाताला स्पिरिट लावलं की गार वाटतं, तेच इथे होतं. लॅकरचा ओला थर आणि त्याला लागलेली हवा काही अंशांनी थंड होते. ती दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं त्याच्या, खाली गेली की हवेतली वाफ तिथेच पाणी होऊन बसते. हे पाणी अजून ओल्या असलेल्या लॅकरमध्ये शिरतं, नायट्रोसेल्युलोज तिथल्या तिथे बारीक कणांत साकळतं आणि थर अपारदर्शक होतो.

किती अंशांचा खेळ आहे ते आकड्यांत पाहा. ऑगस्टच्या सकाळी खोलीत २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण २५ अंशांवर असतो. मधलं अंतर फक्त तीन अंश. तेच २८ अंश तापमान हिवाळ्यात ४० टक्के आर्द्रतेला असेल तर दवबिंदू १३ अंशांच्या आसपास उतरतो, अंतर पंधरा अंशांचं. जानेवारीत तोच डबा, तीच गन, तोच हात चकचकीत काम देतो, याचं कारण हे.

पावसाळ्यातही एक खिडकी मिळते. दुपारी ऊन पडून तापमान ३२ वर गेलं आणि आर्द्रता ६५ पर्यंत उतरली, तर दवबिंदू साडेचोवीसच्या जवळपासच राहतो, पण अंतर सात अंशांच्या वर जातं. म्हणजे हवेत पाणी जवळपास तेवढंच असूनही काम होऊ शकतं. मी पूर्वी 'सकाळी धूळ कमी असते' म्हणून सात वाजता फवारायला बसायचो. आता पावसाळ्यात दुपारी एक ते चार याच्या बाहेर गन उचलत नाही.

दवबिंदू मोजायला महागडं यंत्र लागत नाही. स्टीलचं फुलपात्र घ्या, बाहेरून कोरडं पुसा, अर्धं साध्या पाण्याने भरा आणि त्यात पाण्याचं तापमान दाखवणारा थर्मामीटर सोडा. तापाचा चालणार नाही. मग बर्फाचा एकेक लहान तुकडा टाकत सावकाश ढवळा. फुलपात्राची बाहेरची चकाकी मंद झाली, बोट ओढल्यावर रेघ उमटली, की त्या क्षणी थर्मामीटर वाचा. तो तुमच्या खोलीचा त्या वेळचा दवबिंदू. खोलीचं तापमान त्याच्यापेक्षा निदान सहा अंश जास्त असल्याशिवाय मी एनसी मारत नाही. ही सहाची रेघ माझ्या कामातून बसली आहे, तुमच्या थिनरला ती सात-आठही असू शकते.

एसीच्या खोलीने केलेला घात

आता तिसऱ्या वर्षाची गोष्ट, कारण तिथेच मला हे सगळं उलगडलं. गिटारचा खोका, म्हणजे तिचं पोकळ धड, दमट हवेत फुगू नये म्हणून तो ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवायचा असतो. मी तो एसीच्या खोलीत २४ अंशांवर ठेवला होता. हे बरोबरच होतं. गणपतीच्या आदल्या आठवड्यात एक दुपार छान उघडली. रावपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवरच्या खोलीत सगळी तयारी करून ठेवली, गिटार एसीतून उचलून आणली, हुकाला टांगली आणि लगेच पहिला हात मारला. पाच मिनिटांत काठ पांढरा.

त्याच वेळी मी खाली एसीच्या खोलीत जाऊन पुन्हा वर आलो आणि माझ्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या. चष्मा पुसता पुसता लक्षात आलं की काचेवर बसलं तेच गिटारवर बसलंय. २४ अंशांची फळी, बाहेर दवबिंदू २५. मी लॅकर मारायच्या आधीच तिच्यावर डोळ्याला न दिसणारं दव होतं.

तेव्हापासून एसीतून आणायची गिटार तिथेच मोठ्या पॉलिथिनच्या पिशवीत घालून तोंड बांधतो आणि तशीच वर आणून दोन तास टांगतो. दव पडायचं ते पिशवीवर पडतं. फळी खोलीइतकी कोमट झाली की पिशवी उघडायची. लॅकरचा डबा आणि थिनरही त्याच खोलीत आधीपासून ठेवा, फरशीवर नको, स्टुलावर.

एसीच्याच खोलीत फवारू का, असं एकाने विचारलं होतं. अजिबात नको. एनसीची वाफ आणि धूळ दोन्ही भयंकर ज्वालाग्राही असतात, आणि बंद खोलीत एसीच्या किंवा फ्रिजच्या स्विचची एक ठिणगी पुरते. खेळती हवा हवी, गॅस-देवघर दूर हवं, आणि नाकावर रुमाल बांधून भागत नाही, सॉल्व्हंटच्या वाफेचा कार्ट्रिज असलेला मास्क हवा. लवकर वाळावं म्हणून ताज्या थरावर पंखा सोडण्याची सवयही मोडा. वाऱ्याने थिनर आणखी वेगाने उडतो, पृष्ठभाग आणखी गार होतो आणि ब्लश वाढतो.

थिनर आणि हवेची नळी

सुटा मिळणारा स्वस्त थिनर बहुतेक वेळा फार चटकन उडणारा असतो. अॅसिटोन ५६ अंशांना उकळतो, तर रिटार्डर (थिनरचं उडणं मंदावणारा पदार्थ) म्हणून वापरतात तो ब्यूटाइल सेलोसॉल्व १७१ अंशांना. रिटार्डर घातला की थर जास्त वेळ ओला राहतो, गार कमी होतो आणि शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळतो. पातळ केलेल्या लॅकरमध्ये पाच टक्क्यांपासून सुरुवात करा, दहाच्या वर जाऊ नका. सनबर्स्टमध्ये हा जपून वापरायचा पदार्थ आहे. जास्त झाला तर थर दिवसेंदिवस मऊ राहतो आणि खालचा रंग त्यात विरघळून पिवळ्याकडे सरकतो. मग पांढरेपणा जातो, पण काठ गढूळ होतो.

दर बॅचला, दर दुपारी, आधी एक काळी चकचकीत टाइल फवारून पाहा. दहा मिनिटं थांबा. टाइलवर झाक आली तर त्या दिवशी गिटारला हात लावायचा नाही. माझ्याकडची टाइल बाथरूमच्या कामातून उरलेली आहे. तिने माझ्या किमान चार गिटारी वाचवल्या आहेत.

ठिपके आणि खळगे दिसत असतील तर कंप्रेसर पाहा. दाबलेली हवा तापते, पुढे नळीत गार होते आणि पाणी सोडते. टाकीच्या तळाचा कॉक रोज काम सुरू करण्यापूर्वी उघडून पाणी काढा. पावसाळ्यात एवढं निघतं की बघून आश्चर्य वाटेल. पाणी धरणारा ट्रॅप कंप्रेसरलाच चिकटवून बसवलेला असतो, तिथे हवा अजून गरम असते, त्यामुळे पाणी वाफेच्या रूपातच पुढे निघून जातं. ट्रॅप वीस-पंचवीस फूट पुढे, गनच्या बाजूला घ्या.

आलेला पांढरेपणा काढायचा कसा

पहिला उपाय म्हणजे काही न करणं. नुसती हलकी झाक असेल तर कोरड्या, उबदार दुपारी ती तासा-दोन तासांत आपोआप विरते. हेअर ड्रायर लावू नका, थराला फोड येतात आणि आगीचा धोका वेगळाच.

दुसऱ्या दिवशीही राहिली तर चांगल्या दुपारची वाट पाहा. थिनरमध्ये रिटार्डर मिसळा, लॅकर घालू नका. गनचं माल सोडणं कमी करा आणि एरवी सहा-आठ इंचांवरून मारता ते बारा इंचांवरून, नुसता धुकट फवारा फिरवा. फळी ओली चमकली पाहिजे, ओघळ दिसता कामा नये. थर वरून मऊ होतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि काळा काठ डोळ्यांदेखत परत येतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी गन हातात धरून तसाच उभा होतो. सायीखालून कॉफी वर यावी तसा तो काळा वर आला. एका हाताने पुरलं नाही तर अर्धा तास थांबून दुसरा हात, एकाच वेळी ओतायचं नाही.

हे सगळं रंगाच्या वर निदान एक क्लिअरचा हात असेल तरच. उघड्या रंगावर हा फवारा मारलात तर रंग वाहतो.

झाक आली असताना वर आणखी दोन-तीन हात चढवले असतील तर ती खोल अडकते आणि फवारा तिथवर पोचत नाही. अशा वेळी वरचे हात कोरड्या बारीक पेपरने, लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळून, झाकेपर्यंत उतरवावे लागतात. फळीच्या सपाट भागात हे जमतं. कडेला नाही.

कडेला का नाही, ते माझ्या पहिल्या वर्षाच्या गिटारने शिकवलं. कमरेच्या वळणावर बाइंडिंगला लागून झाक होती. मी पाण्याचा पेपर बोटाखाली धरून घासत गेलो. पाणी काळं झालं तेव्हा थांबायला हवं होतं. आणखी चार फेऱ्या, आणि काळ्याच्या मध्ये आठ आण्याच्या नाण्याएवढं पांढरं स्प्रूस, म्हणजे फळीचं लाकूड, उघडं पडलं. कडेवर थर आधीच पातळ बसतो आणि बोटाचा सगळा दाब तिथेच येतो. सगळं फिनिश मिळून ०.१५ मिलिमीटरच्या आत ठेवायचं असतं, नाहीतर फळीचा आवाज दबतो. त्यातला रंगाचा वाटा किती बारीक असणार याचा विचार करा.

असं उघडं पडलंच तर आधी त्या जागेवर पातळ चपडीचा (स्पिरिटमध्ये भिजवलेल्या लाखेचा) एक थेंब फिरवून लाकूड बंद करा, नाहीतर रंग तिथे भसकन पितो. मग लॅकरमध्ये कालवलेला गडद तपकिरी, बारीक ब्रशच्या टोकाने, बाहेरून आत असे ठिपके देत या. रेघ ओढू नका. तो वाळला की लहान गनने तेवढ्या काठावर एक हलका रंगाचा हात, आणि लगेच क्लिअर.

पुढच्या गिटारला आधीपासून काय बदलायचं

रंग थेट लाकडात मुरवू नका. स्प्रूसमध्ये वसंतातली मऊ वाढ रंग जास्त पिते आणि कठीण गडद रेघा कमी पितात, त्यामुळे फोटोच्या निगेटिव्हसारखं सगळं उलटं दिसतं. काम २२० पेपरपर्यंत आणा, ओल्या फडक्याने लाकडाचे केस (बारीक तंतू) उठवा, वाळल्यावर ३२० फिरवा. मग मेण काढलेल्या चपडीचा किंवा सँडिंग सीलरचा पातळ हात, आणि त्याच्या वर रंग लॅकरमध्येच मिसळून. चपडी दरवर्षी ताजी भिजवा, जुनी भिजवलेली पावसाळ्यात धड वाळत नाही.

आपल्याकडे बडोद्याजवळच्या संखेड्याचे खरादी (लाकूड कातणारे कारागीर) हेच वेगळ्या रीतीने करत आले आहेत. कथलाच्या रंगाने चंदेरी नक्षी काढतात, वर पारदर्शक लाख चढली की ती सोनेरी दिसते. सगळी शोभा वरच्या थराच्या पारदर्शकपणावर उभी. सनबर्स्टही तसाच: खाली उजळ लाकूड, वर रंगीत काच. ती काच धुरकटली की रंगाची खोली संपली.

प्रत्येक रंगानंतर एक पातळ क्लिअर मारून तो कुलूपबंद करा: पिवळ्यावर एक, तांबूस पट्ट्यावर एक, काठावर एक. यामुळे रंग सरकत नाही, आणि झाक आली तर ती फवाऱ्याने काढायला मोकळीक राहते. हात पातळ ठेवा, जाड ओला हात जास्त गार होतो. गन नेहमी मधून बाहेरच्या दिशेला तिरकी धरा, म्हणजे उडालेला रंग फळीवरून बाहेर पडतो. पिवळ्यावर सरळ काळा चढवला तर मधला पट्टा शेवाळी दिसतो, म्हणून मध्ये तांबूस हवाच आणि काठालाही काळ्याऐवजी अतिशय गडद तपकिरी घ्या. पिवळ्याकडून काठाकडे नजर गेली पाहिजे आणि कुठेही साडीच्या काठासारखी रेघ लागता कामा नये. लाल मात्र टिकाऊ निवडा. १९५८ ते १९६० मधल्या गिब्सन लेस पॉलचा लाल उन्हाने उडून गेला आणि काहींचा काठ पिवळ्यात मिसळून गेला. आज लोक त्याच्यावर जीव टाकतात हे खरं, पण नवीन गिटार घेणाऱ्याला तुम्ही ते सांगू शकत नाही.

सपाटीसाठी घासणं सुरू करायचं ते रंगावर चार-पाच क्लिअरचे हात झाल्यावरच, आणि कडेपासून एक बोट आत. कडा फक्त शेवटच्या बफिंगला, हाताने. बाइंडिंगवरचा रंग ब्लेडच्या पात्याने खरवडताना पातं बाइंडिंगच्याच अंगाला झुकवा.

शेवटच्या हातानंतर एरवी तीन आठवडे थांबतो, पावसाळ्यात पाच. लॅकर आतून वाळत असताना आक्रसतं, घाई केली तर बफ केल्यावर महिन्याभराने शिरा उठून दिसतात. हेडस्टॉकवर (खुंट्यांच्या टोकावर) मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर शेवटच्या हाताची तारीख, त्या वेळचं तापमान आणि फुलपात्राचा आकडा लिहितो. सध्या टांगलेल्या गिटारच्या टेपवर ३२ आणि २५ लिहिलंय, आणि तिचा काठ टॉर्चखाली काळाच दिसतो.